स्नोमोबाइलच्या मागच्या सस्पेन्शनच्या स्लायडर पट्ट्या महिन्याभरात का संपतात?

मूळचे नाशिकरोडचे आणि सध्या ऑन्टॅरिओत थंडर बेला नोकरीला असलेले एक जण विचारतात: जुनी लिक्विड-कूल्ड स्नोमोबाइल (पुढे स्की आणि मागे फिरता रबरी ट्रॅक असलेली बर्फावरची गाडी) घेतली, डिसेंबरात नव्या स्लायडर पट्ट्या टाकल्या, आणि जानेवारी संपायच्या आत त्या पुढे जिथे वर वळतात त्या वळणाशी जवळजवळ संपल्या. मध्येच ट्रॅक सैल वाटला म्हणून ताणून घेतला. सिलिकॉन स्प्रेही मारून पाहिला, फरक पडला नाही. दिवाळीत घरी येणार आहेत, तर नाशिकच्या अंबडला कन्व्हेअरवाल्यांकडे मिळतं तेच काळं प्लास्टिक कापून पट्ट्या करून न्याव्यात का, हा त्यांचा दुसरा प्रश्न.

दोन्ही प्रश्न माझ्या कामाचे आहेत. क्युबेक आणि ऑन्टॅरिओत बरीच वर्षं मी स्नोमोबाइलच्या वर्कशॉपमध्ये काढली. परत आल्यापासून अंबडच्या एमआयडीसीत कन्व्हेअरच्या वेअर स्ट्रिप, म्हणजे साखळी ज्यांवर घसरते त्या प्लास्टिकच्या पट्ट्या, बनवतो. पिंपळगाव आणि दिंडोरीकडची द्राक्षांची पॅकहाउस, वायनरीच्या बॉटलिंग लाइन, सातपूरचे कारखाने हे माझं गिऱ्हाईक. म्हणून जरा विस्ताराने लिहितो. नाशिकची बरीच मुलं आता कॅनडात आहेत आणि पहिल्या हिवाळ्यानंतर त्यातली काही जण सेकंडहँड स्नोमोबाइल घेतातच.

ज्यांनी ही गाडी उघडून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी रचना सांगतो. गाडीच्या पोटाखाली रबरी ट्रॅक फिरतो. त्याच्या आत अ‍ॅल्युमिनियमच्या दोन लांब रेल असतात आणि गाडीचं मागचं सगळं वजन त्या रेलवर येतं. प्रत्येक रेलच्या खालच्या पसरट कडेवर खाच असलेली प्लास्टिकची पट्टी सरकवून बसवलेली असते. हाच स्लायडर, तिकडच्या दुकानात त्याला हायफॅक्स म्हणतात. ट्रॅकला आतून पोलादी क्लिपा मारलेल्या असतात आणि त्या क्लिपांवरून ही पट्टी घसरत जाते. ट्रॅक जमिनीला धरून असतो, गाडी पुढे जाते. म्हणजे तुम्ही ताशी ७० किलोमीटरने जात असाल तर क्लिप आणि पट्टी यांच्यातला वेगही तेवढाच.

जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डियरची पहिली स्की-डू १९५९ साली व्हॅल्कोर्टहून बाजारात आली, तेव्हा हा प्रकार नव्हता. त्या गाड्या ट्रॅकच्या आत लहान चाकांच्या जोड्यांवर चालायच्या. पुढे रेल आणि पट्ट्या आल्या. त्यांनी वेग वाढवला, बसायला आराम दिला, आणि त्याच्या बदल्यात गाडी कायमची बर्फावर अवलंबून झाली. हे अवलंबून असणं नीट समजलं की पुढची दुरुस्ती सोपी जाते.

पट्टी यूएचएमडब्ल्यू पॉलिइथिलीनची असते. पिशव्या आणि डबे बनतात त्याच जातीचं प्लास्टिक, पण रेणूंची साखळी प्रचंड लांब. घासण्याला हे प्लास्टिक फार दाद देत नाही आणि उणे ४० अंशांतही ठिसूळ होत नाही. त्याला नडते ती उष्णता. साधारण १३० ते १३५ अंशांना ते वितळतं, आणि ८० अंशांच्या पुढेच ताकद सोडायला लागतं. म्हणून 'पट्टी घासली' असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ती तापून मऊ झालेली असते आणि क्लिपांनी तिचा थर ओरबाडून नेलेला असतो. काढलेली पट्टी हातात घ्या. पृष्ठभाग गुळगुळीत, मंद चकाकणारा आणि कडा सरळ असतील तर ती नियमाने झिजली आहे. कडेला पातळ झालर बाहेर आली असेल, मध्ये लाटा दिसत असतील, तर ती वितळली आहे. तुमच्या वर्णनावरून मला दुसरा प्रकार दिसतो. साधी झीज एका महिन्यात एवढी होत नाही.

आता किती उष्णता ते पाहू, कारण आकडा समोर आला की स्प्रे आणि ग्रीसचा विचार आपोआप मागे पडतो. गाडी, पेट्रोल, चालवणारा आणि मागे बसणारा मिळून ४०० किलो धरा. त्यातलं निम्मं वजन दोन पट्ट्यांवर आलं तर साधारण २००० न्यूटन. ओलसर घट्ट बर्फावर पोलाद आणि या प्लास्टिकचा घर्षणांक ०.१ धरला आणि वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर, तर घर्षणातून ४ किलोवॉट उष्णता निघते. प्रत्येक पट्टीवर घरातला २ किलोवॉटचा गीझर सतत चालू आहे असं समजा. कोरड्या क्लिपांवर घर्षणांक दुप्पट होतो, उष्णताही दुप्पट. प्लास्टिक उष्णतेचं वाहक नाही, त्यामुळे ती रेलमधून निघून जात नाही. घासणाऱ्या पृष्ठभागावरच साठते.

तिला बाहेर नेणारा एकच मार्ग आहे: बर्फ. १ किलो बर्फ वितळायला ३३४ किलोजूल लागतात. म्हणजे ४ किलोवॉटसाठी सेकंदाला १२ ग्रॅम, मिनिटाला पाऊण किलोहून थोडा कमी बर्फ पुरतो. एवढासा बर्फ तर कुठेही असतो, असं वाटेल. पण तो क्लिप आणि पट्टी यांच्यामध्ये पोचला पाहिजे. मोकळ्या भुसभुशीत बर्फात ट्रॅकच्या खिडक्यांतून तो आपोआप आत येतो, क्लिपांवर चिकटतो, वितळून पाण्याचा पातळ थर बनतो आणि घर्षण कमी करतो. रात्री ग्रूमर (बर्फ सपाट करणारं यंत्र) फिरवून दाबलेल्या आणि पहाटेपर्यंत टणक झालेल्या ट्रेलवर तो आत येत नाही. वाऱ्याने झाडून निघालेल्या तलावाच्या काचबर्फावर तर अजिबात नाही. उणे २५ ची थंडी असली तरी पट्टी जळते. आपल्याकडे निफाडला पारा ५ अंशांवर आला तरी लोक कुडकुडतात, त्यामुळे एवढ्या थंडीत एखादी वस्तू वितळेल हे मनाला पटत नाही. पण गार हवेचा इथे काही उपयोग नाही, लागतो तो बर्फच.

स्प्रेचं काय होतं ते आता लक्षात येईल. सिलिकॉन असो की तेल, तो थर काही मिनिटांत पुसला जातो. वर चिकट राहिलेल्या भागावर वाळू आणि खडीची भुकटी बसते आणि ती पट्टीला पॉलिश पेपरने घासल्यासारखी खाते. पट्टी रेलवर चढवताना साबणाचं पाणी वापरा, तेवढं पुरे. चालवण्यासाठी काहीही लावू नका.

चालवण्याच्या सवयींपासून सुरुवात करा, कारण त्यांना पैसे लागत नाहीत. घट्ट ट्रेलवर गाडी कडेच्या मोकळ्या बर्फात ठेवा, समोरून येणाऱ्यांचं भान ठेवून आणि खुणा केलेल्या ट्रेलच्या आत राहून. कडेला मोकळं काही नसेल तर थोड्या थोड्या अंतराने जिथे भुसभुशीत ढीग दिसेल तिथून गाडी काढा. जुन्या रेल्वेमार्गांवर केलेले ट्रेल सरळसोट असतात, तिथे नकळत वेग वाढतो. बर्फ पातळ आणि खाली खडी, त्यामुळे पट्टीला सगळ्यात जास्त तिथेच सोसावं लागतं. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, म्हणून अशा टप्प्यात ताशी ७० ऐवजी ४० ने गेलात तर जवळजवळ अर्धा भार उतरतो. दुपारनंतर वाहतुकीने ट्रेल थोडा मऊ होतो, शक्य असेल तर निघायची वेळ तशी ठेवा. रस्ता ओलांडायचा असेल तर ओलांडा, पण डांबरावरून गाडी पेट्रोल पंपापर्यंत नेऊ नका.

तुमची गाडी लिक्विड-कूल्ड आहे हे तुमचं नशीब. तिचे हीट एक्स्चेंजर ट्रॅकच्या वरच्या बोगद्यात असतात आणि त्यांनाही ट्रॅकने उडवलेलाच बर्फ गार करतो. कूलंटचं तापमान नेहमीपेक्षा वर चढायला लागलं की ओळखा, बोगद्यात बर्फ येत नाही, म्हणजे पट्ट्यांनाही मिळत नाही. दिवा लागेपर्यंत थांबू नका. फॅन-कूल्ड गाडीवाल्यांना ही सूचना मिळत नाही, त्यांनी नाकावर विसंबावं. जळक्या प्लास्टिकचा वास ओळखायला शिकवावा लागत नाही.

वास आलाच तर तिथल्या तिथे ब्रेक मारून उभं राहू नका. मऊ झालेलं प्लास्टिक क्लिपांवर दाबलेल्या अवस्थेत गार झालं की चिकटून बसतं आणि ट्रॅक जाम होतो. वेग कमी करून जवळच्या मोकळ्या बर्फात गाडी न्या, तिथे थोडं फिरवा आणि मग थांबा. जाम झालाच तर इंजिन बंद करा, मागचा भाग उचलून बाजूला आपटा, ट्रॅक सुटतो. थ्रॉटल देऊन सोडवायला गेलात तर क्लिप तरी उखडते किंवा इंजिनाकडून ट्रॅकला जोर पोचवणारा बेल्ट तरी जळतो. थांबल्यावर फावड्याने चार घमेली बर्फ ट्रॅकच्या आत, रेलवर टाकण्याची सवय तिकडच्या जुन्या लोकांना असते. ती चांगली सवय आहे.

यानंतर स्क्रॅचर. तुमच्या गाडीवर ते आहेत की नाहीत हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसतील तर पट्ट्यांच्या आधी ते घ्या. रेलला बसवलेल्या स्प्रिंगच्या दांड्या किंवा केबल असतात, टोकाने कडक बर्फ खरवडतात आणि ती भुकटी उडून ट्रॅकच्या आत जाते. साधा प्रकार आहे, आणि टणक ट्रेलवर पट्ट्यांचं आयुष्य वाढवायला याच्याइतका उपयोगी जोड मी दुसरा पाहिलेला नाही. बसवताना रेलवर शक्य तितके पुढे बसवा, म्हणजे भुकटी झिजणाऱ्या भागाच्या आधीच आत येईल. दांडीचे स्क्रॅचर गाडी रिव्हर्स घेताना वाकतात किंवा मोडतात, म्हणून आधी वर अडकवायचे. केबलचे आणि काही नव्या घडणीचे रिव्हर्सला चालतात. खोल मोकळ्या बर्फात त्यांची गरज नाही, वर अडकवून ठेवा. टोकं झिजत राहतात. दोन-चार फेऱ्यांनंतर ती जमिनीला खरंच टेकतात का ते वाकून पाहा, कारण टेकत नसलेले स्क्रॅचर लावून लोक पूर्ण हिवाळा फिरतात आणि पट्टी खराब निघाली म्हणतात.

आता तुमच्या गाडीकडे येतो, कारण तुमच्या वर्णनात एक धागा आहे. ट्रॅक सैल वाटला म्हणून तुम्ही ताणला. तो सैल का झाला? पट्टी झिजली की रेलची उंची तेवढीच कमी होते, ट्रॅकला फिरायचा मार्ग आखूड होतो आणि ट्रॅक लोंबतो. जुना ट्रॅक एका महिन्यात एवढा ताणला जात नाही. म्हणजे सैलपणा हे पट्टी झपाट्याने जात असल्याचं लक्षण होतं. तुम्ही ट्रॅक ताणलात आणि क्लिपा त्याच पट्टीवर आणखी जोराने दाबल्या गेल्या. उलट बाजूही लक्षात ठेवा. नवी जाड पट्टी टाकली की ट्रॅक आपोआप घट्ट होतो. डिसेंबरात पट्ट्या बदलल्यावर ताण पुन्हा मोजला नसेल, तर पहिल्या दिवसापासून ट्रॅक जास्त ताणलेला होता असं मी धरून चालतो.

ताण हाताने ओढून ठरवायचा नसतो. गाडीचा मागचा भाग स्टँडवर घ्या, ट्रॅक मोकळा लोंबू द्या, आत जमलेला बर्फ काढून टाका. मग ट्रॅकच्या खालच्या भागात, पुस्तिकेत सांगितलेल्या जागी ठरावीक वजन अडकवून पट्टीचा तळ आणि क्लिप यांच्यातलं अंतर मोजा. स्की-डूच्या बऱ्याच मॉडेलांत ७.३ किलो वजनाला ३० ते ४० मिलिमीटर असं माप असतं. पोलारिसकडे ४.५ किलो वजन वापरतात आणि मापही वेगळं. वर्ष आणि मॉडेलप्रमाणे हे बदलतं, म्हणून तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतलाच आकडा घ्या. दिलेल्या मर्यादेच्या सैल बाजूला राहिलात तर चांगलं. फार सैल मात्र नको. ब्रेक मारताना किंवा एकदम जोरात थ्रॉटल देताना खालून खडखड आवाज आला, तर पुढच्या स्प्रॉकेटचे (ट्रॅक फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे) दात ट्रॅकवरून उड्या मारतायत, तेव्हा थोडा घट्ट करा.

ताण ठरला की लगेच अलाइनमेंट. मागचा भाग वरच असताना इंजिनाने ट्रॅक अगदी हळू फिरवायचा आणि बंद करून पाहायचं, दोन्ही बाजूंना क्लिपांच्या आतल्या कडा आणि पट्टी यांच्यात सारखी फट आहे का. ट्रॅक ज्या बाजूला सरकला असेल त्या बाजूचा मागचा अ‍ॅडजस्टर थोडा घट्ट करायचा, पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी नाही. मग अ‍ॅक्सलचा बोल्ट पुस्तिकेतल्या टॉर्कने आवळायचा. तो ढिला राहिला तर पहिल्याच फेरीत सगळं पुन्हा सरकतं. आणि कृपा करून ट्रॅक फिरत असताना मागे कोणालाही उभं राहू देऊ नका. ट्रॅकला स्टड (पकडीसाठी मारलेले धातूचे खिळे) असतील तर सुटलेला स्टड गोळीच्या वेगाने येतो. मुलं बघायला येतात, त्यांना आधी घरात पाठवा आणि मगच इंजिन सुरू करा.

झीज पुढच्या वळणाशी आहे हे तुम्ही लिहिलंत, ते महत्त्वाचं. जिथे रेल वर वळते तिथे ट्रॅक स्प्रॉकेटकडून खाली येऊन वाकतो. त्या जागी दोन गोष्टींनी दाब वाढतो. पहिली म्हणजे ट्रॅकचा ताण, त्याबद्दल झालं. दुसरी म्हणजे पुढच्या शॉकअपची स्प्रिंग फार घट्ट असणं किंवा लिमिटर स्ट्रॅप, म्हणजे रेलचं पुढचं टोक किती खाली जाईल ते अडवणारा पट्टा, फार लांब सोडलेला असणं. दोन्हींमुळे रेलचं पुढचं टोक जमिनीत दाबलं जातं आणि पुढच्या स्की हलक्या होतात. जुन्या गाडीत आधीच्या मालकाने मोकळ्या बर्फासाठी असं लावून ठेवलेलं असणं अगदी शक्य आहे, तिथे ते सोयीचं असतं. टणक ट्रेलसाठी पुढच्या स्प्रिंगचा प्रीलोड (तिला आधीच दिलेला दाब) कमी करा, किंवा स्ट्रॅप एक भोक आखूड करा. दोन्ही एकदम करू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. स्ट्रॅप आखूड केला की स्कीवर वजन येईल, हँडल थोडं जड लागेल. स्ट्रॅपला हात लावला की ट्रॅकचा ताण पुन्हा मोजायचा, कारण रेलची बैठक बदललेली असते.

ब्रेकचाही याच्याशी संबंध आहे आणि तो फार जण पाहत नाहीत. स्प्रॉकेट पुढे असल्यामुळे थ्रॉटल दिल्यावर ट्रॅकचा वरचा भाग ताणला जातो आणि पुढचा खालचा तुकडा ढिला पडतो. ब्रेक मारला की उलट होतं, तोच पुढचा तुकडा ताणला जाऊन वळणाशी पट्टीवर आवळतो. काचबर्फावर वेगात जायचं आणि ट्रेलच्या प्रत्येक वळणाला कचकचून ब्रेक दाबायचा, अशी सवय असेल तर पट्टीचं पुढचं वळण आधी जाणार.

काही जण मागच्या स्प्रिंगा कडक करून पट्टीवरचा भार कमी होईल असं समजतात. भार कमी होत नाही, गाडीचं वजन तेवढंच राहतं, फक्त रेलवर पुढे-मागे वाटलं जातं. भार खरोखर उचलतात ती चाकं. रेलच्या बाजूला जी रबरी कडेची छोटी चाकं असतात, ती टणक जमिनीवर ट्रॅकला टेकून पट्टीवरचा दाब घेतात. त्यांचं रबर झिजलेलं असेल किंवा बेअरिंग ढिलं असेल तर सगळं पट्टीवर येतं. प्रत्येक चाक हाताने फिरवा, हलवून पाहा, खरखर लागली तर बेअरिंग बदला. ज्या जागी पट्टी जास्त जाते, तिथे रेलला जादा चाकांची जोडी बसवता येते. वजन किंचित वाढतं आणि खोल बर्फात तिचा फायदा नाही, पण तुमच्यासारखा जो टणक ट्रेलवरच जास्त फिरतो त्याने ती जरूर घ्यावी. मागे कोणी बसत असेल तर प्रश्नच नाही.

क्लिपा एकदा बोटाने चाचपून पाहा, हातमोजे घालून. वाकलेली, निखळलेली किंवा एका बाजूने धार आलेली एक क्लिप ट्रॅकच्या प्रत्येक फेऱ्यात पट्टीला तासते. धार असेल तर कानशीने उतरवा. गळलेल्या क्लिपा बसवण्यासाठी वेगळं हत्यार मिळतं, वर्कशॉपकडून करून घेतलं तरी चालेल. पट्टीवर लांबच लांब एक सरळ खोल चर दिसत असेल तर कारण जवळजवळ नक्की हेच.

पट्टी किती उरली की बदलायची? बऱ्याच पट्ट्यांच्या बाजूला मर्यादेची रेघ कोरलेली असते. नसेल तर पुस्तिकेत उरलेली जाडी दिलेली असते, अनेक गाड्यांत ती १० मिलिमीटरच्या आसपास आहे. पुढचं वळण, मध्य, मागचं टोक, अशा निदान तीन जागी दोन्ही पट्ट्या व्हर्निअरने मोजा आणि तारखेसह वहीत लिहून ठेवा. सरासरी काढू नका, सगळ्यात पातळ जागा धरा. मर्यादा ओलांडून चालवली तर क्लिपा अ‍ॅल्युमिनियमच्या रेलला लागतात आणि रेल खाते. मग खर्च पट्टीचा राहत नाही, आणि वेगात असताना क्लिप रेलमध्ये अडकून ट्रॅक अचानक थांबला तर माणूस फेकला जातो. या एका बाबतीत काटकसर करू नका.

बदलायचं काम घरी होतं. पुढच्या टोकाचा बोल्ट काढायचा, ट्रॅकच्या खिडकीतून वाट करून पट्टी मागे ठोकत बाहेर काढायची. रेलची कड कापडाने पुसा आणि बोट फिरवून पाहा, कुठे बारीक कंगोरा उठलेला असेल तर कानशीने काढा. नव्या पट्टीच्या आत शिरणाऱ्या टोकाला खाचेच्या कडा चाकूने थोड्या तिरक्या करा, साबणाचं पाणी लावा आणि लाकडी ठोकळा मध्ये धरून पुढे ठोका. बोल्ट आवळताना प्लास्टिक दबून फुगेल इतका जोर देऊ नका.

बोल्ट बहुतेक गाड्यांत एकाच टोकाला असतो, त्याला कारण आहे. हे प्लास्टिक तापमानाबरोबर अ‍ॅल्युमिनियमच्या कितीतरी पट आखडतं आणि वाढतं. साधारण मीटरला प्रत्येक अंशामागे ०.१५ ते ०.२ मिलिमीटर. १.४ मीटरची पट्टी ३० अंशांच्या उबेत बसवली आणि उणे २० मध्ये गाडी बाहेर काढली, तर ती १ सेंटीमीटर किंवा थोडी जास्तच आखडते. रेल त्याच वेळी दीड मिलिमीटर. दोन्ही टोकं पक्की केली तर पट्टी बोल्टापाशी फाटते. म्हणून एक टोक मोकळं राहू द्या, आणि लांबी कापताना हा हिशेब धरा. गरम गॅरेजमध्ये 'बरोबर बसली' म्हणून जी पट्टी कापली जाते, ती बाहेर थंडीत तोकडी पडते.

नव्या पट्टीला पहिले काही किलोमीटर मोकळ्या बर्फात, मध्यम वेगाने, मध्ये मध्ये थांबत चालवा. क्लिपांच्या कडा आणि पट्टीचा पृष्ठभाग एकमेकांशी जुळेपर्यंत टेकण्याची जागा कमी असते आणि तेवढ्याच जागेत सगळी उष्णता निघते. पट्ट्या बदलून थेट तलावाच्या बर्फावर वेग लावला, तर त्या पहिल्याच दिवशी चकाकून कडक होतात आणि मग झटपट जातात.

राहिला अंबडचा प्रश्न. प्लास्टिक तेच आहे हे खरं. पण आमच्या लाइनवर साखळी मिनिटाला २०-३० मीटर चालते, बाटल्यांचं वजन किरकोळ, आणि वर साबणाच्या पाण्याचं ठिबक असतं. तुमच्या पट्टीवर सेकंदाला २० मीटर. आमच्याकडे वर्षानुवर्षं टिकणारी शीट तुमच्याकडे टिकेल असं यावरून ठरत नाही. शिवाय बाजारात काळ्या रंगाच्या नावाखाली पुनर्वापराचा माल आणि एचडीपीई, म्हणजे पिशव्या-डब्यांचं साधं पॉलिइथिलीन, हेही मिळतं. ओळखायचं असेल तर एक बारीक कातरण चिमट्यात धरून ज्योत दाखवा. एचडीपीई वितळून थेंब गळतो, काडी लावली तर तार निघते. अस्सल यूएचएमडब्ल्यू मऊ रबरासारखं होतं, पण गळत नाही. नायलॉन सुचवणारेही भेटतील. ते पाणी पितं, फुगतं आणि कडक थंडीत ठिसूळ होतं. टेफ्लॉन गुळगुळीत आहे पण दाबाखाली पसरतं. दोन्ही या कामाचे नाहीत.

खरी अडचण आकाराची आहे. रेलवर बसणाऱ्या खाचेचं माप प्रत्येक कंपनीचं वेगळं, आणि त्यात अर्ध्या मिलिमीटरची चूकही चालत नाही. सैल बसली तर पट्टी रेलवर डुगडुगते, घट्ट झाली तर अर्ध्यावर अडकते. शीटमधून दीड मीटरची सडपातळ पट्टी मिलिंगने काढली की आतला ताण सुटून ती केळीसारखी वाकते, सरळ करायला पुन्हा श्रम. मी स्वतः हे काम घेत नाही. ग्रॅफाइट मिसळलेल्या तयार पट्ट्यांची जोडी तिथेच घ्या, ट्रॅक किंवा रेलच्या तुलनेत तिची किंमत थोडी असते. बॅगेत जागा उरली तर तीत घरचे मनुके न्या.

दिवाळीला येण्याआधी एवढं करून ठेवा. जुन्या पट्ट्या टाकून देऊ नका, डावी-उजवी खूण करून ठेवा. दोन्हींच्या तळाचे आणि बाजूचे फोटो, पुढच्या वळणाची उरलेली जाडी, लिमिटर स्ट्रॅप कोणत्या भोकात आहे आणि पुढच्या स्प्रिंगचा प्रीलोड किती, हे मला पाठवा. दोन पट्ट्यांमध्ये पुढच्या वळणाशी १ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर स्ट्रॅपला हात लावू नका, आधी रेलवर लांब फूटपट्टी धरून रेल वाकलेली नाही ना ते पाहा.